मामेसासऱ्यांचा आग्रह

देवाने माणसाला पोट दिलं आणि बाकीचे अवयव ते पोट पंगतीपर्यंत वाहून नेण्यासाठी दिले, असं मनापासून मानणारा एकच माणूस मी आयुष्यात पाहिला. ते म्हणजे माझे मामेसासरे, माझ्या बायकोचे सख्खे मामा. कामणच्या पुढे आत एक गाव आहे, तिथे त्यांची भातशेती. रस्त्याच्या बाजूने गोदामं येता येता आता थेट त्यांच्या बांधापर्यंत पोचली आहेत, पण यांना त्याचं काही नाही. "गोदामातली मानसं जेवतात कुठं?" एवढाच प्रश्न त्यांना पडला होता, आणि त्याचा शोध घ्यायला ते खरंच एकदा आत गेले होते. वॉचमनने हटकलं तर त्यालाच विचारलं, डब्यात काय आहे. डब्यात काय आहे ते बघून घरी गेले आणि त्याच्यासाठी वालाचं बिरडं घेऊन आले.

पंचक्रोशीत कुठेही लग्न असो, वाढायला मामा हवेतच. आणि आग्रह! आग्रह कसला, हल्लाच तो. पानावर दोन्ही हात आडवे धरले की हे हातांवर जिलेबी ठेवत. पाक मनगटाच्या घड्याळात गेला तरी माघार नाही. माझ्या लग्नात आमचे साहेब आले होते, साखरेचा आजार असलेले. त्यांनी तसं सांगितलं, तर मामा म्हणाले, "आजार तुमच्या घरी, इथं लगीन हाय." साहेबांनी चार खाल्ल्या. पुढे कितीतरी दिवस ऑफिसात मला त्यांच्याकडे सरळ बघता येत नव्हतं. बुफे आले तेव्हा वाटलं, सुटलो बुवा, यांची सद्दी संपली. कसली संपते! हातात परात घेऊन हे उभ्या माणसांच्या घोळक्यात घुसायला लागले. कर्ज हवं का म्हणून विचारणाऱ्या एका मुलीचा फोन आला, तिलाही यांनी आधी जेवलीस काय ते विचारलं. बिचारी नव्हती जेवली. तिला फोनवरच इतकं रागावले की ती "जाते सर, जेवायला जाते" म्हणाली. स्वतः मात्र ते कधी पंगतीला बसत नसत. सगळी मंडळी मांडव सोडून गेली की चुलीपाशी उभ्याउभ्या काहीतरी पोटात ढकलायचे, झालं.

विरारला आमच्या फ्लॅटवर आले की मला धडकी भरायची. खाली गेटपासून हाका सुरू. बिल्डिंगमधल्या लोकांना लिफ्टमध्ये अडवून सुकट वाटायचे. मला लाज वाटायची, उगीच खोटं कशाला बोलू? सेक्रेटरी समोर आला की मी "हिच्या गावाकडचे आहेत" असं म्हणायचो, जणू माझा आणि त्यांचा संबंध नाही.

आणि अशा माणसाच्या नातीने, म्हणजे आमच्या मुलीने, नववीत असताना जेवण सोडलं.

एकदम नाही सोडलं. आधी गोड सोडलं, तेव्हा आम्ही शाबासकी दिली. मग भात सोडला, तेव्हा बायकोने मैत्रिणींना कौतुकाने सांगितलं. मग डबा जसाच्या तसा परत यायला लागला, ती शाळेत चक्कर येऊन पडली, आणि आमचे डोळे उघडले. मुलांच्या मानसोपचाराच्या डॉक्टरबाईंकडे गेलो. बाई शांतपणे म्हणाल्या, हा आजार आहे, हट्ट नाही. चूक कोणाची ते शोधत बसू नका. सध्या ताटात काय आणि किती हे आईबाबांनी ठरवायचं, प्रत्येक जेवणाला तिच्यासोबत बसायचं, तिचं होईपर्यंत उठायचं नाही. भांडायचं नाही, भाषण द्यायचं नाही, आणि तिच्या दिसण्याबद्दल एक अक्षर काढायचं नाही, चांगलं किंवा वाईट. तब्येत आणखी खालावली तर मात्र दाखल करावं लागेल. बायकोने बिनपगारी रजा काढली, मी सकाळची ड्यूटी बदलून घेतली. एकेका पोळीपाशी तास तास बसलो. मुलगी रडायची, ताट ढकलायची, "तुम्ही माझे दुश्मन आहात" म्हणायची. आम्ही दोघं दात आवळून बसून राहायचो. बाहेर कोणाला सांगितलं असेल तर शपथ! विचारलं की "ॲसिडिटी आहे" आणि "अभ्यासाचं टेन्शन". खाऊनपिऊन सुखी घरात पोरगी उपाशी राहते हे कोणत्या तोंडाने सांगणार? मामांना तर मुळीच सांगितलं नाही. त्यांना सांगणं म्हणजे गावभर दवंडी, शिवाय परात घेऊन ते दारात उभे राहणार.

हळूहळू मुलगी सुधारली. एवढी, की मामांच्या गावातल्या तिच्या एका मावसभावाच्या लग्नाला ती आपणहून "मी येते" म्हणाली. पंगतीत एका बाजूला बायको, दुसऱ्या बाजूला मी. तिने वरणभात घेतला. जिलेबी घेतली, तिचा तुकडा मोडला. माझ्या बायकोने खाली वाकून डोळे पुसले. आणि तेवढ्यात परात घेऊन मामा आले. मुलीला बघून त्यांचा चेहरा असा फुलला की काय सांगू. आमच्याकडे पोरीबाळींचं कौतुक करायची एकच रीत, ती त्यांनी भरल्या मांडवात केली. "आरे वा माझी बाय! मागं आलीवतीस तेव्हा पार काडी झालीवतीस. आता कशी अंग धरलीस! गाल बघा पोरीचे, गाल!" आणि गालगुच्चा घेतला. सगळी पंगत वळून बघायला लागली. दोनचार बायकांनी "हो हो, चांगली भरली" म्हणून माना डोलावल्या.

मुलीने हातातला तुकडा पानात ठेवला. त्या संध्याकाळपासून पुन्हा सगळं बंद.

दुसऱ्या दिवशी मी मामांना फोन लावला आणि तोंड सोडलं. आजार, डॉक्टर, सगळं एका दमात सांगितलं, आणि वर म्हणालो, "इतक्या महिन्यांची मेहनत तुम्ही एका वाक्यात घालवलीत." पलीकडून आवाज आला, "मी बोललो म्हनून?" मी म्हणालो, "हो." आम्ही लपवलं नसतं तर या माणसाला कळलं असतं की काय बोलू नये, हे मला तेव्हाही ठाऊक होतं. तरी मी "हो" म्हणालो. डॉक्टरबाईंचं म्हणणं वेगळंच होतं. त्या म्हणाल्या, अशा घसरणी होतात, एका माणसावर खापर फोडू नका, आजच्या ताटापासून पुन्हा सुरू करा. आणि तुम्ही दोघं थकला आहात, घरातलं आणखी कोणी मोठं सोबत बसू शकेल का?

मी कोणाचं नाव घेतलं नाही. पण सकाळी दार उघडलं तर मामा उभे. हाका नाहीत, सुकट नाही. जन्मात पहिल्यांदा रिकाम्या हातांनी आलेले. "डॉक्टरीनबाईंना विचारा, मी काय करू," एवढंच म्हणाले. बाईंनी फोनवर त्यांना नीट समजावलं. तिच्यासोबत बसा, ती जेवते तेच जेवा, गप्पा मारा. फक्त जेवणाबद्दल आणि अंगाबद्दल बोलू नका.

हाय रे देवा! या माणसाकडे दुसरा विषयच नव्हता. पहिल्या दिवशी ते मांडी घालून मुलीसमोर बसले, घसा खाकरला, म्हणाले, "अवंदा भात..." आणि जीभ चावली. मग म्हणाले, "आपली म्हस व्याली, दूध..." पुन्हा जीभ चावली. शेवटी वर बघून म्हणाले, "पंखा चांगला फिरतो, नाय?" पंखा बंद होता. दुपारी खाली वॉचमनला विचारत होते, लोकं एकमेकांशी काय बोलतात. तोही बिचारा विचारात पडला. मग मामांनी बोलणंच सोडलं. आठवडा झाला. प्रत्येक जेवणाला मुलीसमोर बसायचे, तिच्याएवढंच वाढून घ्यायचे, तिच्याबरोबर घास घ्यायचे, आणि गप्प. ज्यांचा आवाज ऐकून मी दार लावून घ्यायचो, त्यांची ती शांतता मला घरात राहू देईना. मुलगी थोडं खायची, बरंचसं टाकायची. दाखल करायचं का, यावर बाई दोन दिवसांत निर्णय घेणार होत्या.

त्या रविवारी दुपारी ती अर्ध्या पोळीपाशी अडून बसली. मामांनी आपला घास हातात धरून ठेवला होता. किती तरी वेळ तसाच. अखेर मुलगीच वैतागून म्हणाली, "आजोबा, बोला ना काहीतरी!"

"नको बाय," मामा ताटाकडे बघत म्हणाले. "मी बोललो का चुकतो. मी बोललो नि तू जेवायची थांबलीस."

मुलीचा आवाज चढला. "मग चुका ना! चुकलात तर मी सांगेन. पण असं गुन्हा केल्यासारखं नका बसू माझ्यासमोर. मला नाही जेवता येत."

मामांनी मान वर केली. तिच्याकडे नाही, माझ्याकडे बघितलं. सत्तरी ओलांडलेला तो माणूस, ज्याने आमच्या साहेबाला जुमानलं नव्हतं, हळूच मला म्हणाला, "जावयबापू, बोलू का?"

मी नुसती मान हलवली. मामा तिला त्यांच्या म्हशीची गोष्ट सांगायला लागले, ती लग्नाच्या वरातीत घुसून नवऱ्यामुलाच्या घोड्यामागे कशी चालत सुटली ती. सांगताना दर दोन वाक्यांनी थांबून, चुकलं तर नाही ना, म्हणून माझ्याकडे बघत होते. मुलगी एकदा हसली आणि तिने पोळीचा तुकडा मोडला. ती जेवत होती, पण मी मान खाली घालून बसलो होतो, कारण त्यांनी पुन्हा माझ्याकडे बघितलं असतं तर मला सहन झालं नसतं.