वडील: हयात

मार्चमधल्या एका रविवारी सकाळी साडेनऊ वाजता प्रशांतने डहाणूच्या एका सलूनमध्ये डोक्यावरचे केस आणि मिशी पूर्ण उतरवली. सल्ला माझा होता. दुपारी बारापर्यंत त्याच्या गावात त्याचे वडील वारल्याची बातमी पोचली. वडील त्या वेळी ओट्यावर बसून जाळं सांधत होते.

प्रशांत हे बदललेलं नाव. वय चौतीस. तलासरी तालुक्यात शिक्षक, तिथेच खोली घेऊन राहतो. घर डहाणूजवळच्या मच्छीमार गावात. मी डहाणूतल्या एका खासगी दवाखान्यात समुपदेशक आहे. स्किनच्या डॉक्टरांकडच्या ज्या पेशंटना औषधासोबत बोलण्याचीही गरज असते, ते माझ्याकडे येतात.

त्याला ॲलोपेशिया होता, म्हणजे चाई. शरीराची प्रतिकारशक्ती केसांच्या मुळांवरच हल्ला करते आणि डोक्यावर, मिशीत गोल चट्टे पडत जातात. दुखत नाही. लागण होत नाही. केस परत येतील का, हे खात्रीने सांगता येत नाही.

लागण होत नाही हे त्याच्या स्टाफरूममध्ये कुणी मानत नव्हतं. त्याचा पाण्याचा ग्लास वेगळा ठेवला जाऊ लागला. मग तो डबा वर्गात बसून खाऊ लागला. मग टोपी आली. जानेवारीत तो म्हणाला, "सकाळी उशीकडे बघायची भीती वाटते, मॅडम. उठावंसंच वाटत नाही."

आमच्याकडे एक्स्पोजर नावाची पद्धत आहे. ज्याची भीती वाटते ते ठरवून, पायरीपायरीने करायचं. चट्टे लपवण्यापेक्षा सगळंच काढा, मी सुचवलं. हल्ली पुष्कळ पुरुष तसे फिरतात. पहिली पायरी सलून. दुसरी बाजार, टोपीशिवाय.

बाजारात त्याच्या गावची रेवाकाकी मासे विकत होती. तिने लांबून त्याला पाहिलं. डोक्यावर केस नाहीत, मिशी नाही. तिने काही विचारलं नाही, गावाला फोन लावला आणि पाटी झाकून रिक्षा धरली. गावात कुणी गेलं की होड्या निघत नाहीत. त्या दुपारी तीन होड्या थांबल्या. लोक दारात जमले तेव्हा वडिलांनीच त्यांना विचारलं, "कोण गेला रे?"

संध्याकाळी त्यांनी मुलाला फोन केला. "केस येईपर्यंत घरी येऊ नको." एवढंच.

सोमवारी डॉक्टरांनी मला केबिनमध्ये बोलावलं.

"वडील आहेत हे तुम्हाला माहीत नव्हतं?"

"फॉर्मवर आहे. 'वडील: हयात.' मीच लिहिलंय."

"मग?"

मी याच तालुक्यातली आहे. बाप जिवंत असताना मिशी काढत नाहीत, हे मला कुणी शिकवायची गरज नव्हती. मी पेशंटचं डोकं पाहिलं होतं. घर पाहिलं नव्हतं.

केस आले नाहीत. पुढे भुवयाही गेल्या. पावसाळा लागला तरी प्रशांत घरी गेला नव्हता. दर रविवारी आई रेवाकाकीकडे एक पिशवी द्यायची, तो बाजारात येऊन घ्यायचा. सुके बोंबील, तांदळाच्या भाकऱ्या. रेवाकाकी म्हणायची, "घे रे बाबा, तुझ्यापायी मी जित्या माणसासाठी रडले. आता वर्षभर मासळी माझ्याकडूनच घ्यायची." तो हसायचा. मग पिशवी मांडीवर घेऊन एसटी स्टँडवर बसायचा. समोरून गावची गाडी सुटायची. ती दिसेनाशी झाली की तलासरीच्या गाडीत चढायचा.

सेशनमध्ये तो ओट्याबद्दल बोलायचा. बोंबील वाळत घालायच्या वलांडीबद्दल, त्या बांबूंखाली बसून केलेल्या अभ्यासाबद्दल. एकदा म्हणाला, "वारा असला की शाळेत खारा वास येतो." शाळा समुद्रापासून बरीच आत आहे. मी ते लिहून घेतलं, दुरुस्त केलं नाही.

जूनमध्ये त्याच्या परवानगीने मी गावी गेले. वडील ओट्यावरच होते. आजार समजावून सांगितला. त्यांनी जाळं खाली ठेवलं नाही.

"मला काय भीती नाय, मॅडम. त्याच्या डोक्याने मी मरत नाय. त्याच्या आईला भीती वाटते, कुंकवाची बाई ती. मी सांभाळेन तिला."

"मग येऊ का देत नाही?"

"स्टँडपासून घरापर्यंत तीस घरं. दर घरातून विचारणार, बाबा कधी गेला? हा मान खाली घालून सांगणार, नाय गेला, मला रोग झाला. तीस वेळा. मला बघवणार नाय ते."

"उत्तर तुम्ही दिलंत तर?"

त्यांनी सुतळी दातांनी तोडली. "माझी आठवण काढतो काय तो?"

"ओट्याची काढतो."

"ओट्यावर मीच असतो," ते म्हणाले.

आता माझ्या फॉर्मवर एक ओळ जास्त आहे: हे पाहून घरी कुणाला काय वाटेल? ती मी पहिल्याच भेटीत विचारते.

नारळी पौर्णिमेला सकाळी अकराच्या गाडीने प्रशांत गावच्या स्टँडवर उतरला. टोपी हातात होती. वडील पांढऱ्या शर्टात खांबाला टेकून उभे होते. आई घरी होती. मी आणि रेवाकाकी मागे होतो. स्टँड ते घर चालायला वीस मिनिटं लागली. चार जणांनी विचारलं. चारही वेळा उत्तर वडिलांनी दिलं.