घागरीवरची तीन अक्षरे

नोकरीतले कितीतरी मोठे गुन्हे आता डोक्यातून पुसले गेले, पण एका पितळी घागरीचा तपास काही विसरता येत नाही. तेव्हा मी अमरावती जिल्ह्यातल्या एका ठाण्याचा प्रभारी होतो.

एका संत्रा बागायतदाराच्या घरी चोरी होऊन पितळी भांडी गेली, त्यांत घागरही होती. गुन्हा दाखल केला. लवकरच खबऱ्याने सांगितले, की गावातल्या भाजीवाल्याकडे घागर आहे आणि तिच्यावर इंग्रजीत अक्षरे आहेत. पंचनामा करून घागर जप्त केली, भाजीवाल्याला ठाण्यात आणले. काठावर कोरले होते : एस. डी. एम.

"एसडीएम, म्हणजे उपविभागीय दंडाधिकारी साहेबांचीच उचलली म्हणायची," जमादार म्हणाला. ठाण्यातल्या मदतनीस शिपायाला ती श्री दत्त मंडळाची वाटली. फिर्यादी बागायतदार मात्र ठाम होता. "माझं नाव, बापाचं नाव, आडनाव. आता अजून काय पुरावा पायजे तुमाले?"

भाजीवाल्याला खोदून खोदून विचारले. त्याचे एकच उत्तर. "सायेब, अक्षरं कोनाची ते मले नाई माहीत. माह्या लग्नात आल्ती, मायनं ठेवली. माय आता नाई." मग हळूच म्हणाला, "उद्या पोरीले पाह्याले पावने येऊन राह्यले. बाप ठान्यात हाय समजलं त सोयरीक गेली."

खोटे बोलणारा माणूस सहसा उत्तर तयार ठेवतो. याच्याकडे अक्षरांबद्दल तसे काही रचलेले नव्हते, म्हणून मी अटक थांबवली. घरातले भांडे बाईच ओळखते, हा माझा अनुभव. मुद्देमाल ओळखायला फिर्यादीच्या बायकोला बोलावले.

तिने घागर फिरवून पाहिली आणि नवऱ्याकडे वळली. "आपल्या भांड्याईवर तुमचं नाव कावून राहीन? तिथं आहेर देनाऱ्याईचे नावं हायेत. तुमचं नाव लोकायच्या घरी हाय. हे घागर मीच याच्या मायच्या हाती देल्ली, याच्या लग्नात. तुमी कधी पाहता का आहेरात काय देल्लं ते?"

बागायतदार खाली मान घालून बसला. मला हसू आले आणि रागही आला. खरा चोर पुढे अकोल्यात भंगारवाल्याकडे भांडी विकताना सापडला.

त्याच दिवशी भाजीवाल्याला घरी पाठवले. दुसऱ्या दिवशी पाहुणे आले, तेव्हा पोरीच्या बाजूने बोलायला बागायतदार स्वतः जाऊन बसला. सोयरीक जमली.

वस्तूवर नाव दिसले की मालक सापडला, असे आम्ही पोलीस धरून चालतो. पण आपल्या गावांत माणसे स्वतःचे नाव कोरतात ते बहुधा दुसऱ्याला द्यायच्या भांड्यावर.