पाठमोरं बसव, मग हाक मार

"पाठमोरं बसव त्याला. मग हाक मार. वळलं, तर नाव खरं शे."

मांजराचं नाव ठेवायची ही रीत मला समोरच्या अक्कांनी शिकवली. तुमच्याही गल्लीत अशी एक अक्का असेल, जिला विचारल्याशिवाय कुणाचं लोणचं बरणीत जात नाही. आमच्या जळगावच्या गल्लीत ह्या होत्या. कपाळावर ठसठशीत कुंकू, गळ्यात मंगळसूत्र, घरात एकट्या. नवऱ्याचा विषय निघाला की "हे बाहेरगावी असतात," एवढंच सांगायच्या. असतील सुरतेला कामाला, असं धरून आम्ही कधी खोलात गेलो नाही.

नणंदेकडून, दोंडाईच्याहून, मी बोक्याचं एक पिल्लू आणलं. पिशवीत घालून, रेल्वेने. अख्ख्या डब्याला त्याने ओरडून वैताग आणला. घरी आल्यावर नावाचा घोळ सुरू झाला. मुलगी मुक्ता म्हणाली, कुकी. माझे यजमान म्हणाले, भरीत, कारण रंग थेट भाजलेल्या वांग्याचा. अक्कांनी पिल्लाला भिंतीकडे तोंड करून बसवलं आणि आम्हाला हाका मारायला लावल्या. कुकी म्हटल्यावर कानसुद्धा हलला नाही. भरीत म्हटल्यावर साहेब पाय चाटायला लागले. मी चिडले. म्हटलं, मांजर आहे, कलेक्टर नाही, ठेवा काहीतरी आणि मोकळे व्हा. पण अक्का ऐकतील तर शपथ.

तेवढ्यात मुक्ताने कट्ट्यावर पडलेलं अक्कांच्या घरचं लाइटबिल उचललं आणि त्यावरचं नाव गंमत म्हणून मोठ्याने वाचलं.

"दिगंबर!"

पिल्लू गर्रकन वळलं. आम्ही टाळ्या वाजवल्या. बिलावर घराच्या जुन्या मालकाचं नाव असणार, असं आम्ही गृहीत धरलेलं. अक्का उठून आत गेल्या. अट त्यांनीच घातलेली, आता मोडणार कशी?

तेव्हापासून गल्लीभर दिगंबर, दिगंबर. अक्का मात्र त्याला "अहो" म्हणायच्या. अहो, दूध प्या. अहो, उन्हातून उठा. आम्ही पोट धरधरून हसायचो. मी तर एकदा तोंडावर म्हटलं, काय अक्का, बोक्याला इतका मान? त्या कुंकू नीट करत म्हणाल्या, "राहू दे गं." नवऱ्याचं नाव न घेणाऱ्या बायका मी काय कमी पाहिल्या होत्या? पण माझी अक्कल तेव्हा कुठे चरायला गेली होती, देव जाणे.

मग ती दुपार. पाण्याचा टँकर गल्लीत रिव्हर्स येत होता, आणि दिगंबर मधोमध, टँकरकडे पाठ करून, भिंतीवरच्या पालीवर डोळा ठेवून बसलेला. मी गच्चीवर पापड वाळत घालत होते. अक्का पायरीवरून दोनदा "अहो, अहो" म्हणाल्या. क्लीनर वळला. भाजीवाला वळला. बोका वळला नाही.

"दिगंबर!"

तो आवाज अक्कांचा आहे हे मला क्षणभर कळलंच नाही. असा आवाज त्या बाईत होता? बोका एका उडीत कुंपणावर गेला. अक्का पायरीवर मटकन बसल्या, तोंडाला पदर. मी पाणी घेऊन धावले.

"एकोणीस वर्षं झाली," त्या म्हणाल्या. "भांडून निघाले होते. धुळ्याच्या स्टँडवर पुढे चालले होते, मी मागे. 'अहो' म्हटलं. बठ्ठे माणसं वळले, स्टँडभरचे. हे नाही वळले." पाणी त्यांनी तसंच हातात धरून ठेवलं. "नाव घेतलं असतं तर वळले असते गं. जीभ रेटली नाही."

ते सुरतेला नव्हतेच. कुठे आहेत, आहेत की नाहीत, ते या बाईला ठाऊक नव्हतं, आणि मी तिला पोट धरून हसले होते. मला माझी शरम वाटली, आजही वाटते.

त्यानंतर त्या रोज संध्याकाळी पायरीवर उभं राहून खणखणीत हाक मारायच्या. दिगंबर. बोका पायाशी बसलेला असला तरी मारायच्या.

गुडघे गेले तेव्हा त्यांना भाऊ भडगावला घेऊन गेला. या हिवाळ्यात एका सकाळी फोन आला. मी मेथी निवडत होते. पलीकडचा माणूस म्हणाला, "सुभद्राबाई गेल्या." मी "राँग नंबर" म्हणून फोन ठेवला. पुन्हा वाजला. मी करवादले, "अहो, सांगितलं ना, आम्ही कुणा सुभद्राबाईंना ओळखत नाही."

तो बिचारा गोंधळला. म्हणाला, "ताई, भडगावहून बोलतोय. आत्याच्या वहीत हाच नंबर आहे. वर लिहिलंय, दिगंबरच्या घरी."

चौदा वर्षं आमची दारं समोरासमोर होती.