दौलतरावांची माफी

माझ्या सासुरवाडीत पहिला मान दौलतचा. दौलत हा कूलर आहे.

टेरिलिनच्या बुशशर्टाला भाव होता त्या काळातली गोष्ट. मे महिन्याच्या भर दुपारी मी बाबांबरोबर सावनेरहून नागपूरला मुलगी बघायला गेलो. मुलीच्या वडिलांनी (म्हणजे माझ्या नंतरच्या सासऱ्यांनी, मामाजींनी) आम्हाला थेट कूलरसमोरच्या खुर्च्यांवर बसवलं. नागपुरात उन्हाळ्यात यापेक्षा मोठा सत्कार नाही!

"हा आपला दौलत," मामाजी कूलरच्या पाठीवर थाप मारत म्हणाले. "इतवारीतून पत्रा आणून मीच बनवला जी. काय गा दौलत, पाव्हणे आले, जरा जोरानं!"

आणि दौलत खरोखरच जोरात फिरला! वाळ्याचा असा गारेगार झोत आला की बाबांनी समाधानानं डोळे मिटले.

मी मात्र तेव्हा आयटीआयत मोटार वाइंडिंग शिकवायचो. यंत्रांविषयी माझं मत कुणी मागितलं नसलं तरी त्याला मिळायचं. "यंत्राशी कसली मैत्री?" मी हसून म्हणालो. "त्याला काय कळतं?"

तेवढ्यात मुलगी, म्हणजे सुमन, पोहे घेऊन आली. ही हो म्हणाली तर आयुष्याचं सोनं, नाही म्हणाली तर परत सावनेरची एसटी! तिच्यावर छाप पाडायला काय करावं, असा विचार करतोय तोच कूलर खडखडायला लागला.

"थांबा, मी बोलतो त्याच्याशी," मामाजी उठले.

"बोलून काय होणार?" मी त्यांच्या आधी उठलो. "हा बघा, मागे कलला आहे. पुढच्या पायांखाली विटा कशाला ठेवल्यात?"

"राहू द्या ना जी! त्याले मागं रेलून बसायची सवय हाय!"

पण ऐकेल तो मास्तर कसला! मी पत्रा उचलून धरला आणि पायानं दोन्ही विटा सरकवल्या. (पंखा बंद करायचं? सुमन बघत असताना एवढं कुठलं सुचायला!) दौलत धाडकन पुढे झुकला, वरच्या पन्हाळीतलं सगळं पाणी फिरत्या पंख्यावर आलं, आणि पंख्यानं ते आमच्यावर भिरकावलं. पोह्यांची पेज झाली. बाबांची कडक इस्त्रीची टोपी नाकावर उतरली. माझा टेरिलिनचा बुशशर्ट असा चिकटला की बरगड्या मोजाव्यात!

"काहून हात लावला बे त्याले?" बाबा टोपीतून ओरडले.

मामाजींनी धावत जाऊन बटण बंद केलं. सुमन आतून टॉवेल घेऊन पळत आली. मी कृतज्ञतेनं हात पुढे केला. ती माझ्या बाजूनं निघून गेली आणि दौलतला पुसायला लागली!

मामाजींनी विटा परत लावल्या. मला वाटलं, आता आपली खरडपट्टी. पण ते कूलरवर हात ठेवून हळूच म्हणाले, "मी रिटायर झालो न बाप्पा, तवा हापिसातले सारे दोस्त पांगले. हा रोज दुपारी माह्यासोबत बसते. माह्यं सारं आयकून घेते. याले दोस्त नाही म्हणू तं कोणाले म्हणू?"

मला खरंच भरून आलं. त्या पत्र्याच्या खोक्यापेक्षा, त्याच्याशी इतक्या मनापासून बोलणाऱ्या माणसाचं मला फार कौतुक वाटलं. असा दोस्त मला सावनेरात एकही नव्हता. मी तसाच निथळत कूलरसमोर गेलो आणि चक्क हात जोडले.

"दौलतराव, चुकलं माझं. माफ करा."

बाबांनी कपाळावर हात मारला. मामाजींनी बटण दाबलं. दौलत घुरघुरला, थबकला, आणि एकदम गार झोत सोडला! (ओल्या बुशशर्टात मला हुडहुडी भरली, मे महिन्यात, नागपुरात!)

दुसऱ्याच दिवशी होकार आला. माझ्या साध्या स्वभावावर मुलगी भाळली, असं मी सावनेरभर सांगत फिरलो. लग्नानंतर बऱ्याच वर्षांनी एकदा सुमनला सहज विचारलं, "तू मला हो का म्हणालीस गं?"

"कूलरची माफी मागते हा माणूस," ती भाजी निवडता निवडता म्हणाली, "मनात म्हटलं, बायकोची तं रोजच मागन!"

तिचा अंदाज अजून एक दिवसही चुकलेला नाही.