भाकरीची काच

मी तापट आहे हे आमच्या नाशिकच्या मिशन कंपाउंडात सगळ्यांना ठाऊक होतं. आमचे हे उपदेशक होते आणि स्वभावानं अगदी लोणी. लोक म्हणायचे, देवानं जोडी जुळवताना थोडी गंमतच केली. त्यांना तापानं नेलं तेव्हा माझ्याकडे तीन वस्तू राहिल्या: त्यांचं बायबल, त्यांची वही आणि चित्रकंदील.

चित्रकंदील म्हणजे टिनाची पेटी. आत रॉकेलचा दिवा, पुढे भिंग, आणि मध्ये रंगीत काच सरकवली की पडद्यावर हे मोठं चित्र. हे जिथे तो दाखवायचे त्या हरसूलच्या बाजारातले लोक सरळ जादूचा कंदील म्हणायचे. ‘जादू’ हा शब्द कानावर पडला की आमच्या पाद्रीसाहेबांना खोकला यायचा.

साहेब महिन्याभरात दारात उभे राहिले. म्हणाले, "बाई, कंदील कळवणच्या उपदेशकाला देऊ या. बाईमाणसाला यंत्र झेपत नाही."

"रोज त्याची काजळी कोण पुसतं, साहेब? भिंग कोण घासतं?" मी म्हटलं. "पुसायला झेपतं आणि पेटवायला झेपत नाही होय?"

साहेब थोडे वरमले. शेवटी ठरलं ते असं: हरसूलचे तीन बाजार माझे. एका जरी बाजारी लोक शेवटच्या काचेपर्यंत बसले तर कंदील माझ्याकडे राहील. नाहीतर मी आपली कंपाउंडातल्या शाळेत मुलींना शिवण शिकवत बसावं. कंदील गेला असता तर ह्यांचं काम आमच्या घरातून कायमचं उठलं असतं. मी मनाशी म्हटलं, मेले तरी देणार नाही.

हरसूलचे बाजारकरी ऊन उतरायच्या आत डोंगरातल्या आपापल्या पाड्यांकडे निघतात. म्हणून अंधार दुपारीच करावा लागे. हे तिथल्या मिठाच्या व्यापाऱ्याचं गोदाम मागून घ्यायचे आणि खिडक्यादारांना घोंगड्या लावायचे. मीही तेच केलं. साहेबांचा नियम असा की यंत्र पडद्यामागे ठेवायचं, नाहीतर लोक वचन सोडून पेटीलाच हात जोडतील. त्यामुळे पडदा ओला करावा लागे, म्हणजे मागचा उजेड पुढे नीट उतरे. व्यापारी चाचा दर वेळी कपाळाला हात लावायचे. "बाई, माझ्या मिठाशेजारी पाणी? या अल्ला! थेंब इकडे नको हां."

पहिल्या बाजारी गोदाम भरलं. पेरणारा दाखवला, मेंढरं दाखवली, होडी दाखवली. मी पडद्यामागून बोलत होते आणि पुढून "अगं बया!" ऐकू येत होतं. मग सहावी काच घातली. प्रभू भुकेल्या लोकांना भाकरी वाटतात, ती. आणि घोंगड्यांची सळसळ, पायांचा आवाज. पडद्याआडून डोकावून बघते तर निम्मं गोदाम रिकामं!

दुसऱ्या बाजारी तेच. त्याच काचेला.

घरी येऊन ह्यांची वही उघडली. पानोपानी एकच ओळ. "भाकरीच्या चित्राला लोक उठले. माझं सांगणं कमी पडतं." सात वर्षांची वही होती ती. मला आठवलं, हे चुलीजवळ उभे राहून भाकरीचा तो भाग पुन्हा पुन्हा म्हणायचे. कधी हळू, कधी मोठ्यानं. मी भाकरी थापता थापता म्हणायची, "अहो, पुरे आता, मलासुद्धा पाठ झालं." तेव्हा ते नुसते हसायचे. आता मला रडू आलं, आणि रडण्याहून जास्त राग आला.

तिसऱ्या बाजारी ते सगळं भाषण मी ह्यांच्यापेक्षा जोरात म्हटलं. आणि सहाव्या काचेला पुन्हा पाय वाजले. माझी तळपायाची आग मस्तकात गेली. साहेबांचा नियम गेला खड्ड्यात म्हणत मी पडदा बाजूला सारला आणि पुढे येऊन दारातल्या म्हाताऱ्याची घोंगडीच धरली.

"बाबा, उठता का ते सांगितल्याशिवाय जायचं नाही!"

म्हातारा गांगरला. खाली बघत म्हणाला, "रागावू नको बाई. तुझा देव डाव्या हातानं भाकर देतो. अशी भाकर आम्ही कशी घ्यावी?"

"डाव्या? डोळे फुटले का? उजवा हात आहे तो!" मी वळले आणि पडद्याकडे बोट दाखवलं.

बोट तसंच राहिलं. पडद्यावर प्रभू डाव्या हातानं भाकरी देत होते.

मी पडद्यामागे धावले, तिथून उजवा. पुढे आले, डावा. पुन्हा मागे, पुन्हा पुढे. लोक हसायला लागले. एक बाई म्हणाली, "बाईला झपाटलं का काय?" घरी स्वयंपाकघरात ह्यांनी मला सगळ्या काचा भिंतीवर दाखवल्या होत्या. तिथे आम्ही दोघं कंदिलाच्याच बाजूला, म्हणून हात उजवा. इथे लोक पडद्याच्या पलीकडे, म्हणून सगळं उलटं. होडी उलटी गेली तर कुणाचं काय बिघडतं? पण भाकरी! याला म्हणतात हात दाखवून अवलक्षण.

"बाबा, आधी का नाही बोललात?"

"तुझ्या मालकाच्या वेळी बी डावाच होता," म्हातारा म्हणाला. "लय भला माणूस. यवढ्या लांबून यायचा. मन दुखंल त्याचं, म्हून कोणी बोललं नाय."

मी पदर खोचला.

"कुणी जायचं नाही! चाचा, मिठाची दोन पोती इकडे द्या. पेटी माणसांमध्ये ठेवायची आहे."

"पडदा?"

"आता कोरडा चालेल."

"सुभानल्ला!" चाचांनी स्वतः पोती ओढली.

पेटी पोत्यांवर चढली. मी झाकण उघडून आतला दिवा दाखवला, भिंग दाखवलं, काच म्हाताऱ्याच्या हातात दिली. "जादू नाही, बाबा. रॉकेल आहे. आणि चूक देवाची नाही, आमची." पेटीला हात कुणीच जोडले नाहीत. म्हाताऱ्यानं वाकून वास घेतला आणि नाक मुरडलं.

काच त्यानंच सरकवली. हात उजवा होता. म्हातारा खाली बसला, मग बाकीचे बसले, आणि नवव्या, शेवटच्या काचेपर्यंत एकही पाय वाजला नाही.

नाशिकला परतल्यावर साहेबांना सगळं सांगितलं. नियम मोडला म्हणून ते कुरकुरले, पण शब्द पाळला. कंदील माझ्याकडे राहिला आणि त्यानंतर तो पडद्यामागे कधी गेला नाही. मी असेपर्यंत जाणारही नव्हता.

त्याच संध्याकाळी ह्यांची वही काढली. शेवटच्या ओळीखाली थोडी जागा होती. तिथे लिहिलं, "तुमचं सांगणं कमी पडलं नव्हतं. हात डावा दिसायचा, आणि तुम्हाला दुखवायचं नाही म्हणून ते न बोलता उठून जायचे."