आडनाव काय, बाळ?

उमरग्याच्या आमच्या चर्चच्या दारात दर रविवारी एक काका उभे असतात. शर्टाचं वरचं बटणही लावलेलं, काखेत गीतांची पुस्तकं. नवीन माणसाला ते दोन्ही हातांनी पुस्तक देतात आणि विचारतात, "कुण्या गावचं? आडनाव काय, बाळ?" ओळख निघाल्याशिवाय माणूस आपला होत नाही, असं त्यांना मनापासून वाटतं.

माझ्या वर्गातली एक मुलगी घरी न सांगता आली होती. तिनं गाव सांगितलं, पण आडनावाला ती थांबली. काका खुशीत म्हणाले, "सांग की! त्या गावात आपल्या वळखीचे लई लोक हायत."

ती पुन्हा आली नाही. "घरी कळलं तर माझं कॉलेज बंद होईल," एवढंच ती मला म्हणाली.

मी काकांना हे भीतभीत सांगितलं. आडनावावरून जात कळते, म्हणूनही काही जण बिचकतात, तेही सांगितलं. ते पुस्तकांच्या कडा जुळवत राहिले.

"मग काय इचारायचं गं? मला दुसरं कायच येत न्हाय."

"काहीच विचारू नका," मी म्हणाले.

पुढच्या रविवारी दहावीतली वाटावी अशी एक अनोळखी मुलगी एकटीच आली. काकांनी पुस्तक पुढं केलं, बोलायला तोंड उघडलं आणि मिटलं. मग घाबरून तिच्याकडं नुसतेच बघत राहिले.

"चुकून आले वाटतं मी," ती म्हणाली आणि फाटकाकडं वळली.