मागं कोण बसतं?

दुकानासमोर कुणाचीही मोटारसायकल उभी असली, की डॉक्टर आधी तिच्या टाकीवर थाप मारायचे. गाईच्या पाठीवर मारतात तशी, हलकी, ओळख करून घेणारी. मग मागच्या सीटवर दोन्ही अंगठे रोवून दाबून बघायचे आणि गाडीचा मालक जो कुणी असेल त्याला विचारायचे, "मागं कोण बसतं?"

आता हा प्रश्न चारचौघांत विचारायचा असतो का, तुम्हीच सांगा. एका अविवाहित तलाठ्याने तो इतका मनाला लावून घेतला, की पुढे महिनाभर त्याने क्लचची केबलसुद्धा माझ्याकडून नेली नाही. महाडला एस.टी. स्टँडच्या पुढे माझं मोटारसायकलच्या सुट्या भागांचं दुकान होतं. नव्वद साल सरत आलेलं, दर महिन्याला नवी गाडी बाजारात येत होती. अशा चांगल्या दिवसांत माझी गिऱ्हाइकं हा माणूस पिटाळून लावत होता, आणि मी त्याला चहा पाजत होतो.

डॉक्टर म्हणजे गुरांचे. कागदावर पशुधन पर्यवेक्षक. पण म्हैस अडलेली असताना एवढं लांब नाव कोण घेत बसणार? पोलादपूरच्या वरच्या डोंगरातल्या वाड्यांवर ते पायी फिरत. त्यांच्या पत्नी शिक्षिका, त्यांना सगळे बाई म्हणत. बाईंची शाळा अशाच एका वाडीवर होती. घरापासून हायवेने सात-आठ किलोमीटर, मग डोंगरातली तासाभराची पाऊलवाट. बैल जाईल एवढीच रुंद, मध्ये एक ओढा आणि शाळेच्या खाली एक उभी चढण.

बाईंचा डावा गुडघा गेला होता. दर रविवारी दोघं सवच्या गरम पाण्याच्या कुंडावर जात, बाई गुडघा शेकून घेत आणि परतीच्या वाटेवर दोघं माझ्या दुकानात टेकत. हाडांच्या डॉक्टरांनी चढण बंद करायला सांगितलं होतं. बदली मागितली असती तर बाईंना ती सहज मिळाली असती. पण शाळेत शिक्षक एकच, आणि बाईंच्या जागी त्या डोंगरावर जायला कुणीच तयार नव्हतं. बाई उतरल्या की शाळेला कुलूप, हे सगळ्यांना दिसत होतं.

"जूनपर्यंत गाडी घ्यायची," बाईंनी माझ्यासमोर नवऱ्याला सांगितलं. "नाहीतर मी बदलीचा अर्ज देते."

"घेतो की. पन रस्त्यावर पन चालली पायजे आनि वाटेवर पन. आनि खायला कमी पायजे," डॉक्टर म्हणाले. तेव्हा दिवाळी नुकतीच झाली होती. मला वाटलं, आठवड्याचं काम आहे.

डॉक्टरांनी गाड्या तपासायला घेतल्या त्या गुरांसारख्याच. "चारा किती खाते?" म्हणजे पेट्रोल. "पोट किती खाली हाय?" म्हणजे इंजिन दगडाला घासेल का. मायलेज देणाऱ्या चार-स्ट्रोक गाडीचं नाव त्यांनी शेळी ठेवलं होतं. खाते थोडं, हायवेला गुणी, पण पोट खाली आणि चढणीला रडते. जुनी दोन-स्ट्रोक म्हणजे खोंड. चढणीला एक नंबर, पण चारा खाऊन खाऊन मालकाला उपाशी ठेवील. स्कूटर म्हणजे म्हैस. "ओढ्यात बसंल, आनि उठायची नाय." त्यांना हवी होती डांगी गाय, पावसात आणि दगडांत न कुरकुरता चालणारी. तशी कुणी कारखानदार बनवतच नव्हता. बनवत असला तरी आमच्या खिशाला परवडेल अशी नव्हती.

डॉक्टरांच्या खिशात एक सुतळी असायची, तिला एक गाठ मारलेली. ती प्रत्येक गाडीच्या सीटपासून जमिनीपर्यंत धरून बघायची आणि मान हलवायची. वासरांची छाती मोजायची सुतळी असेल, असं मी समजत होतो. दुसरी खोड याहून अवघड. "किक किती जड हाय? घरात बाई असंल तर जरा बोलवा, एक किक मारून बघू दे." यावरून बाजारपेठेत एका सासूबाईंनी त्यांना दारातून हाकललं होतं. दुसऱ्या दिवशी डॉक्टर त्याच घरच्या गाईला इंजेक्शन द्यायला गेले आणि सासूबाईंना पुन्हा तेच विचारून आले.

गाडी स्वतः मात्र कधी चालवायची नाही. किल्ली पुढे केली तर म्हणायचे, "नको. चालवनाऱ्याला गाडीचं प्रेम असतं. खरं काय ते मागच्यालाच कळतं." मालक पुढे, डॉक्टर मागे, अशीच परीक्षा व्हायची.

माझीही झाली. माझी शेळीच होती. त्या पाऊलवाटेवर माझी हाडं खिळखिळी झाली, ओढ्यात बूट भिजले, आणि शाळेखालच्या चढणीवर डॉक्टर अचानक उतरले. "आता रिकामी चढवा," म्हणाले. ओझं उतरलं, आता गाडी सरसर जाईल, या आनंदात मी मूठ पिळली. मागचं चाक जागच्या जागी गरगर फिरलं आणि सगळी खडी डॉक्टरांच्या अंगावर. ते शांतपणे सदरा झटकून पुन्हा मागे बसले, आणि गाडी धापा टाकत का होईना, चढली.

"बघितलंत? मागं वजन नसंल तर वाट धरीत नाय," ते म्हणाले. मी त्यांना त्या दिवशी चहा पाजला नाही.

मार्च उजाडला तरी गाडी नव्हती. चवदार तळ्यावर दरवर्षीप्रमाणे दूरदूरची माणसं आली. डॉक्टर नेमाने अभिवादनाला जात. त्या वर्षीही रांगेत उभं राहून हात जोडून आले आणि मग बाहेरगावच्या गाड्यांमधून हिंडत राहिले. दुपारी दुकानात शिरले ते धावतच. लांबून मोटारसायकलवर आलेल्या एका मास्तरांनी त्यांना तोडगा सांगितला होता. शेळीच घ्या, पण मागचं दातांचं चाक मोठं बसवा, टायर खड्ड्याखड्ड्यांचा घाला, आणि सायलेन्सर वळवून वर घ्या.

"डांगी जन्माला घालायची, शेठ," डॉक्टर म्हणाले. "संकर करायचा. ते तर माझंच काम हाय."

जुनी शेळी शोधली. एप्रिलभर माझा मेकॅनिक, वेल्डर आणि मी तिच्यामागे लागलो होतो. मोठ्या चाकाने हायवेचा वेग गेला, पण चढणीची ताकद आली. वर घेतलेल्या सायलेन्सरने पहिल्याच फेरीत मागे बसलेल्या डॉक्टरांची पोटरी भाजली. त्यांनी बॅगेतलं बैलांचं मलम लावलं आणि म्हणाले, "बैल तक्रार करीत नायत, मी कशाला करू?" मग सायलेन्सरवर जाळी बसवली. सुतळीची गाठ जुळेना, म्हणून सीटचा फोम कापून ती दोन बोटं खाली आणली. मी वैतागून म्हणालो, "अहो, तुम्ही एवढे उंच, सीट खाली कशाला?" ते नुसते हसले.

जूनच्या पहिल्या आठवड्यात गाडी न्यायला दोघं आले. हार घातला, नारळ फोडला, पेढे वाटले. शेजारचे दुकानदार जमले. मी किल्ली डॉक्टरांच्या हातात दिली. त्यांनी ती बाईंच्या हातात दिली.

नेहमी नऊवारीच्या तोऱ्यात पाचवारी नेसणाऱ्या बाई त्या दिवशी पंजाबी ड्रेस घालून का आल्या होत्या, हे तेव्हा आमच्या लक्षात आलं. मे महिन्यात माहेरी भावाच्या गाडीवर शिकल्या होत्या. सीटवर बसल्या, दोन्ही पाय बरोबर जमिनीला टेकले, आणि सुतळीची ती गाठ कुणाच्या मापाची होती हे मला कळलं. उजव्या पायाने एकच किक. गाडी सुरू.

"अहो डॉक्टर, तुम्हाला येत नाही?" मी ओरडलोच.

"एकदा चालवली होती. पाय मोडला."

"कुठला?"

"म्हशीचा. प्लास्टर पन मलाच घालावं लागलं. तेव्हापासून घरात ठरलंय."

सगळी बाजारपेठ हसली. डॉक्टरही हसले, आणि सहा महिने अंगठे रोवून तपासलेल्या त्या जागेवर ऐटीत जाऊन बसले. बाईंनी समोरच बघत विचारलं, "बसलात?"

"बसलो गो. सोड."

पुढे सहा-सात वर्षं हे दृश्य आम्ही पाहिलं. पुढे बाई, मागे औषधांची बॅग मांडीवर घेतलेले डॉक्टर. बाईंना शाळेवर पोहोचवून, म्हणजे त्यांच्याकडून स्वतःला पोहोचवून घेऊन, ते पुढे वाड्यांवर पायी जात. शाळा सुटली की पुन्हा मागे. दर वेळी तेच, "बसलात?" आणि "बसलो गो. सोड." शाळेला कुलूप लागलं नाही. पहिल्यांदा लोक वळून बघत, मग बघायचे थांबले. डॉक्टर मात्र दुकानात येऊन लोकांना विचारायचे थांबले नाहीत. गाडी मिळाली होती, तरी खोड सुटली नव्हती.

मग एका श्रावणात डॉक्टर गेले. झोपेतच. कुणाला त्रास नाही, धावपळ नाही. मला फार राग आला. एवढी चौकशी करणाऱ्या माणसाने जाताना कुणाला काही विचारू नये?

आता बाई बदली घेणार, असं सगळे म्हणाले. मीही म्हणालो.

गणपती झाल्यावर बाई दुकानात आल्या. ब्रेकचे लायनर हवे होते. गाडी तीच. मागच्या सीटवर एक गोणी उभी करून काथ्याने घट्ट बांधलेली.

"काय आणलंत?" मी विचारलं.

"रेती आहे," बाई म्हणाल्या. "ती शेवटची चढण रिकामी चढत नाही. तुम्हाला ठाऊकच आहे."

ठाऊक होतं. मी लायनर बसवून दिले, गोणीची एक गाठ सैल वाटली ती उगाच आवळली. बाई बसल्या. एक किक मारली, पदर नसलेल्या खांद्यावर ओढणी सारखी केली आणि समोरच बघत सवयीने म्हणाल्या, "बसलात?"

आणि थांबल्या. हात मुठीवर तसेच राहिले. दुकानात लायनर चाचपणारी दोन गिऱ्हाइकं आमच्याकडे बघत होती. कुणीतरी बोलायला हवं होतं.

"बसलेत," मी म्हणालो. "सोडा."

बाईंनी क्लच सोडला आणि गाडी पोलादपूरच्या रस्त्याला लागली.